शाळेच्या भिंतीचा पिवळा

कासमुनच्या हाताखाली मी एकवीस वर्षं भिंती रंगवल्या. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला कांग म्हणायचो. थोरल्या भावाला आमच्याकडे तसंच म्हणतात. नात्यानं तो माझा कुणी नव्हता.

त्याचं काम पारखायचं असेल तर भिंत बघायची नाही, भिंतीखालची जमीन बघायची. चुन्याचा हात देताना खाली थेंब पडतात. त्याच्या भिंतीखाली पडत नसत. काथ्याचा कुंचला डब्याच्या काठावर दोनदा निथळायचा, खालून वर न्यायचा, मग आडवा. मनगट हलवायचं नाही, खांदा हलवायचा. मला हे जमायला चार वर्षं लागली. कळीचा चुना तो पंधरा दिवस खड्ड्यात भिजू द्यायचा. बाकीचे तीन दिवसांत उपसायचे. तीन दिवसांचा चुना पुढच्या पावसाळ्यात पापडासारखा निघतो. लोक म्हणायचे, कासमुन वेळ फार घेतो. तो घ्यायचाच.

पण मुळात तो भिंतीचा माणूस नव्हता, अक्षरांचा होता. चौसष्ट साली तो चोवीस वर्षांचा होता आणि जाकार्तापासून दूर आमच्या वातुसारी गावात कापडावर अक्षर काढणारा तेवढा एकच. नाटकमंडळीचे फलक त्यानं काढले, मशिदीच्या वर्गणीचा काढला, आणि शेतकरी संघटनेचेही काढले. 'जमीन कसणाऱ्याला द्या', असे सात फलक. एका फलकाला एक ताट भात आणि वर टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, दोन तुकडे. तो संघटनेचा सभासद नव्हता. सभासद व्हायला सभेला बसावं लागतं, आणि सभा चालू असताना तो पुढचा फलक काढत असायचा.

पासष्टच्या नोव्हेंबरात कम्युनिस्टांना, म्हणजे लाल लोकांना, वेचून काढायला फौज आली. ते सात फलक त्यांनी कचेरीसमोर जमिनीवर पसरले आणि कुणी काढले म्हणून विचारलं. गाव गप्प राहिलं. त्याचा काही उपयोग नव्हता. कासमुनच्या अक्षरांना खाली एक बारीक शेपटी असायची, ती तालुक्यात दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि तीच शेपटी मशिदीच्या फलकावर होती. संघटनेच्या चौदा माणसांना त्या महिन्यात नदीकडे नेलं. ती परत आली नाहीत. कासमुन सभासद नव्हता म्हणून त्याला तुरुंग मिळाला. सहा वर्षं.

सुटून आल्यावर त्यानं अक्षर काढणं सोडलं. दुकानाची पाटी नाही, लग्नाचा फलक नाही, पोरीच्या वहीवर नावसुद्धा नाही. "सपाट रंगात कुणाला काही वाचता येत नाही," असं तो मला म्हणाला. चुन्यात पिवडी घातली तर पिवळी भिंत, गेरू घातला तर तांबडी भिंत, पण गेरू तो कधीच घालायचा नाही. गिऱ्हाईकानं मागितला तर म्हणायचा, "माझ्याकडे नसतो."

त्याच्या ओळखपत्रावर दोन अक्षरांची खूण होती, माजी राजकैदी म्हणून. पंचाण्णव साली सरकारनं ती खूण काढून टाकली. ओळखपत्रावरून गेली, गावप्रमुखाच्या कपाटातल्या यादीत राहिली.

बायको लवकर वारली. एक मुलगी, मुर्तिनी. ती अकरा वर्षांची असल्यापासून दर तीस सप्टेंबरला शाळा तिला टीव्हीवरचा तो सरकारी सिनेमा बघायला बसवायची. लाल लोक कसे क्रूर होते ते त्यात दाखवायचे. पुढे ती त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका झाली आणि पोरांना रांगेनं सिनेमाला घेऊन जाऊ लागली. कासमुन त्या दिवशी कुंचले धुवायचा. धुतलेले पुन्हा धुवायचा.

चार वर्षं ती तात्पुरतीच राहिली. सत्त्याण्णवच्या सुरुवातीला कायम नेमणुकांची यादी लागली, तिच्यात तिचं नाव आलं. पंधरा मार्चच्या आत कागद द्यायचे होते. सगळे कागद तयार होते, एक सोडून: 'उमेदवाराचं घर स्वच्छ आहे' असं गावप्रमुखाचं पत्र. स्वच्छ म्हणजे झाडलेलं नव्हे. घरात कुणी लाल नव्हता, असं.

फेब्रुवारीत लुराहनं, म्हणजे आमच्या गावप्रमुखानं, आम्हा दोघांना कचेरीत बोलावलं. प्रनोतो त्याचं नाव, पण मान देऊन सगळे त्याला पाक लुराह म्हणायचे.

"बसा, पाक कासमुन. पोनिदी, तू उभाच बरा. तुझ्या चड्डीचा चुना खुर्चीला लागेल."

"वाळलाय, पाक लुराह."

"वाळला तरी चुनाच तो." मग तो कासमुनकडे वळला. "पाच मार्चला बुपाती येतायत. अख्ख्या जिल्ह्याचे साहेब. गाडी शाळेसमोर थांबणार. पूल, कुंपणं, रस्त्याकडेची झाडं कमरेपर्यंत, शाळेची भिंत, सगळं पिवळं हवंय."

मे महिन्यात निवडणूक होती. पिवळा हा सत्तेतल्या पक्षाचा रंग. त्या साली आमच्या प्रांतात बसथांबेसुद्धा पिवळे झाले होते. तिकडे सोलो शहरात लोकांनी पिवळ्यावर पांढरा फासला होता, त्यामुळे सगळे लुराह बिथरलेले.

"तेलरंग किती आहे?" कासमुननं विचारलं.

"चार डबे."

"चार डब्यांत पूल होईल."

"मग बाकीचं तू बघ. चुना तुझा, हात तुझा." लुराहनं खणातून एक कागद काढला आणि राखदाणीखाली ठेवला. "मुर्तिनीचं पत्र. टाइप करून तयार आहे. सही तेवढी राहिली. आपण एका गावातली माणसं. तू माझं काम करायचं, मी तुझं करायचं. की नाही?"

कासमुन कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बावीस दिवस आहेत. होईल."

बावीस दिवसांत ते होणारं नव्हतं. मी मनात मोजलं होतं. दोन माणसं, आणि पावसाळा अजून सरलेला नव्हता. बाहेर आल्यावर मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "उद्यापासून पाचला ये, सहाला नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही बायातच्या टेकडीवरून सायकलींवर पिवडी आणली, चाळली, चुन्यात कालवली आणि कचेरीच्या मागच्या भिंतीवर हातभर पट्टा मारून लुराहला दाखवला. त्यानं पक्षाचा झेंडा आणून शेजारी धरला.

"हा काय पिवळा? कावीळ झालेल्या माणसाचे डोळे वाटतात. हा बघ झेंडा, आणि हे बघ तुझं."

"पिवडीचा एवढाच उजळतो, पाक लुराह."

"म्हणून मी हे आणलंय." त्यानं दोन गोण्या दाखवल्या. शहरातून आणलेली पिवळीजर्द पूड.

कासमुननं चिमूटभर पूड तळहातावर घासली, हुंगली. "ही तेलात घोटायची पूड आहे. लाकडासाठी, लोखंडासाठी. चुन्यात घातली तर तिसऱ्या दिवशी लाल होते."

"पिवळी पूड लाल होते?"

"ओल्या चुन्यात होते. विटेसारखी होते."

"मला शाळा शिकवू नकोस. मला झेंड्याचा पिवळा पाहिजे. कसा आणायचा ते तू बघ."

हे बोलणं झालं तेव्हा कचेरीच्या पायरीवर फौजेचा सार्जंट सिगारेट ओढत बसला होता. गावागणिक एक असायचा. त्यानं मान वर केली नाही.

कासमुननं वाट काढली. आधी पिवडी घातलेल्या चुन्याचे दोन हात. ते आठ-दहा दिवस मरू द्यायचे, म्हणजे चुन्याचा जोर जातो. मग नुसत्या सरसाचा एक हात, म्हणजे चुना आणि पूड यांच्यात पडदा. त्यावर सरसाच्या पाण्यात घोटलेली पूड. सरसात तुरटी, म्हणजे पाऊस धुऊन नेत नाही. सरस म्हशीच्या कातड्याचा. कातडं एक दिवस भिजवायचं, दुसरा दिवस उकळायचं, दोनदा गाळायचं. एका भांड्यात चाळीस-पंचेचाळीस पावलं भिंत होते. त्यानं घरामागे दोन चुली मांडल्या. शाळा सुटली की मुर्तिनी चुलीशी बसायची आणि घोटणी फिरवायची. तिच्या अंगाला म्हशीचा वास यायला लागला. वर्गात पोरं नाक धरतात, म्हणून ती हसून सांगायची.

"एक गोष्ट ध्यानात ठेव," कासमुन मला म्हणाला. "पुडीच्या डब्यात चुना नाही. थेंबभर नाही. चुन्याचा कुंचला नाही, चुन्याची काठी नाही. घट्ट झालं तर सरस. सरस संपला तर थांबायचं."

"समजलं, कांग."

"मला सांग, काय समजलं."

मी पुन्हा म्हणून दाखवलं. त्याला ते लागायचं.

आम्ही कुंपणं केली. माडांची आणि चिंचांची खोडं केली. रस्त्याकडेच्या कबरींचे खुंटही केले. बू रातेमच्या, म्हणजे रातेमबाईच्या, टपरीवर कॉफीला थांबलो की ती सुरू व्हायची.

"अहो कासमुन, मेलेल्यांची पण मतं लागतात का?"

"मला रंगवायला सांगितलंय."

"म्हशीला पण मारा एक हात. पिवळी झाली की जाईल मत द्यायला. माझी कोंबडी तेवढी सोडा, ती अजून ठरवतेय."

"हळू बोल, रातेम," मी म्हणालो.

"हळू कशाला? माझी टपरी बघ, पुढून पिवळी, मागून पिवळी. माझ्याइतकी निष्ठावान बाई जिल्ह्यात नाही. भजी घे, तीपण पिवळीच आहेत."

कासमुन हसला. त्या बावीस दिवसांत मी त्याला तेवढंच हसताना बघितलं. त्याच्या पायांना सूज आली होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबून श्वास घ्यायचा, पण मी शिडी मागितली की देत नसे.

शाळेची रस्त्याकडची भिंत साठ पावलं. दोन मार्चला, रविवारी, तिच्यावर शेवटचा हात द्यायचा होता. त्याच दिवशी पुलाचा कठडाही संपवायचा होता. कासमुन पुलावर गेला, मी शाळेशी. आभाळ भरून आलं होतं. फाटकाच्या अलीकडे पंधरा पावलं राहिली आणि सरस संपला. सरसाचा पडद्याचा हातही तेवढ्यावर पुरला नव्हता. डब्यात पूड होती, ती घट्ट गोळा झाली होती. पूल लांब. पाऊस जवळ.

भिंतीच्या कोपऱ्यात चुन्याच्या निवळीची बादली होती. निवळी म्हणजे चुना तळाला बसल्यावर वर राहतं ते स्वच्छ पाणी. बघितलं तर पाणीच दिसतं. हा काही चुना नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं आणि डब्यात ओतली.

हात सुरेख बसला. सरसापेक्षा सुरेख. कुंचला सरसर चालला. पंधरा पावलं अर्ध्या तासात झाली, आणि ती उरलेल्या पंचेचाळीस पावलांहून उजळ दिसत होती. पाऊस पडायच्या आत वाळलीसुद्धा.

संध्याकाळी कासमुन आला. भिंतीच्या कडेनं चालत गेला, फाटकाशी थांबला, खाली जमिनीकडे बघितलं. थेंब नव्हते.

"सरस पुरला?"

"पुरला."

त्यानं माझा डबा उचलून नाकाशी नेला, आत बघितलं, ठेवला, आणि मान डोलावली.

पाऊस दोन रात्री पडत राहिला. बुधवारी, पाच मार्चला, सकाळी सातला मी शाळेशी आलो तेव्हा फाटकाजवळ माणसं उभी होती. पंधरा पावलं लाल झाली होती. रक्तासारखी नव्हे. भाजल्या विटेसारखी, आणि ओली असल्यानं अजून गडद. कुठे पिवळा संपतो आणि कुठे लाल सुरू होतो ती रेघ सुतात मारल्यासारखी सरळ होती.

लुराह धावत आला. त्याच्या अंगावर पिवळा सदरा होता. "हे काय आहे? हे काय आहे, कासमुन? पांढरं मार, काहीतरी मार!"

"वाळणार नाही," कासमुन म्हणाला. "गाड्या नऊला येणार. ओलं ओघळेल."

मग पोरांना उभं केलं. सगळ्या शाळेची पोरं त्या पंधरा पावलांपुढे तीन रांगांत, मागच्यांच्या डोक्यावर चटया, पुढच्यांच्या हातात झेंडे. मुर्तिनी त्यांच्यापुढे. बुपाती बारा मिनिटं थांबले. त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या फोटोवाल्यानं बघितलं. सार्जंटनं त्याच्या कानात काही सांगितलं, आणि त्यानं चटईच्या वरून दिसणाऱ्या लाल पट्टीचा एक फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी कासमुनला कचेरीत बोलावलं. मी बाहेर पायरीवर होतो. दार उघडं होतं.

लुराह म्हणाला, "तूच मला सांगितलं होतंस की चुन्यात ही पूड लाल होते. म्हणजे तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, म्हणून सरस वापरला."

"मग लाल कशी झाली?"

"काम माझं होतं," कासमुन म्हणाला.

"साक्षीदार मी आहे," सार्जंट म्हणाला. "मी ऐकलंय. आधी सांगितलं, मग केलं. तेपण फाटकाशेजारी, जिथे गाडी थांबणार. जुलैत जाकार्तात लाल लोकांनी दंगल केली ती टीव्हीवर बघितलीस ना? सुप्त धोका म्हणतात तो हाच. झोपलेला असतो."

मी उठून आत गेलो. "ती पंधरा पावलं मी रंगवली. सरस संपला म्हणून मी निवळी ओतली. कांगना माहीत नव्हतं."

सार्जंटनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाव?"

"पोनिदी."

"बाप?"

"भातगिरणीत हमाल होता."

त्यानं कपाटातली यादी काढली, बोट खाली-खाली नेलं. "यात नाहीस."

"नसेन. पण भिंत मीच—"

"तुझ्या हातून झाली असेल तर ती चूक आहे. चुका सगळ्यांच्या होतात. घरी जा."

"मग त्याच्या हातून झाली तर?"

"त्याच्या हातून चूक होत नाही," सार्जंट म्हणाला. "तालुक्यात कुणालाही विचार, त्याच्या भिंतीखाली थेंब पडत नाही."

मी लुराहकडे बघितलं. तो राखदाणी पुसत होता. मुर्तिनीचं पत्र अजून तिच्याखालीच होतं.

शनिवारी लुराहचा निरोप आला. एक मार्ग आहे. सोमवारी शाळेत झेंडावंदन असतं. मुर्तिनीनं तिथं एक निवेदन वाचावं. आपल्या बापानं काय केलं आणि आपण त्या विचारापासून कशा दूर आहोत ते सांगावं. मग सही होईल. आणि कासमुननं त्याच वेळी ती पंधरा पावलं खरवडायला घ्यावीत, पोरांना दिसेल असं.

मी त्यांच्या घरी होतो तेव्हा. घरामागच्या चुली अजून मोडल्या नव्हत्या. आमच्याकडे मुलगी बापाला जो शब्द वापरते तोच शिपाई साहेबाला वापरतो: पाक.

"मी नाही वाचणार, पाक."

"वाचायचं."

"मी पोरांना काय तोंड दाखवू?"

"कायम शिक्षिकेचं तोंड दाखव. चार वर्षं झाली. त्यांनी मला सहा वर्षं ठेवलं, मी बसलो. तुला एक पान वाचायचंय."

"ते खोटं आहे."

"लांब आहे का?"

"काय?"

"खोटं लांब असलं की तोंड चुकतं. आखूड लिहू." तो उठला. "कागद आण. शाई आण."

"तुम्ही?"

"तुझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. अडखळशील."

तो जमिनीवर बसला आणि बत्तीस वर्षांनी अक्षर काढलं. मोठं, मोकळं, लांबून वाचता येईल असं. मी वाकून बघितलं. खालची शेपटी नव्हती. प्रत्येक अक्षराच्या शेवटी तो कुंचला नेहमीपेक्षा आधी उचलत होता. चार ओळी झाल्या. शाई वाळेपर्यंत त्यानं कागद हातात धरला, मग तिला दिला.

"म्हण एकदा."

तिनं म्हटलं. तो म्हणाला, "तिसऱ्या ओळीला श्वास घे."

सोमवारी मी शिडी आणि खरवडायच्या पट्ट्या घेऊन गेलो. मला मना केलं होतं. फक्त त्यानं खरवडायचं होतं. म्हणून मी रस्त्यापलीकडे रातेमच्या टपरीशी उभा राहिलो. कासमुन फाटकाच्या बाजूनं सुरुवात करून खरवडत होता. आवारात एकशेवीस पोरं रांगेत, टोप्या घालून. झेंडा वर गेला, गाणं झालं.

आता झेंडावंदनात काय असतं: राष्ट्राची पाच तत्त्वं एक जण वाचतो आणि प्रत्येक ओळ सगळी शाळा मागून म्हणते. पहिलीपासून दर सोमवारी. पोरांना ते विचार न करता येतं. लुराहनं मुर्तिनीला नेमकं त्या जागी पुढे काढलं, पाच तत्त्वं व्हायच्या आधी. तिनं कागद उघडला आणि पहिली ओळ वाचली.

"माझे वडील कासमुन यांनी या शाळेच्या भिंतीवर लाल रंग लावला."

आणि पोरांनी म्हटली. एकशेवीस पोरांनी, एका सुरात, "माझे वडील कासमुन यांनी या शाळेच्या भिंतीवर लाल रंग लावला."

मुर्तिनी थांबली. तिनं लुराहकडे बघितलं. लुराहनं सार्जंटकडे बघितलं. पोरांचं काही चुकलं नव्हतं. ती पुढच्या ओळीची वाट बघत होती. सार्जंटनं हातानं खूण केली: पुढे.

दुसरी ओळ तिनं वाचली. पोरांनी म्हटली. तिसऱ्या ओळीला तिनं श्वास घेतला. चौथी ओळ होती, 'सुप्त धोका मेलेला नाही, मी त्याच्यापासून सावध आहे.' पहिलीतल्या पोरांना शब्द जड गेले, ती मागे पडली, त्यामुळे शेवटचं 'सावध आहे' दोनदा ऐकू आलं.

रातेमच्या हातात झारा होता. तिची भजी जळली.

कासमुन पट्टी खाली-वर करत होता. आवाज थांबला नाही, वेग बदलला नाही.

गुरुवारी मुर्तिनी पत्र आणायला गेली. मी बरोबर होतो. लुराहनं तिला खुर्ची दिली, ते मला आवडलं नाही. खुर्ची देणारा माणूस द्यायचं दुसरं काही नसलं की खुर्ची देतो.

"पोरी, मी काय करू सांग. पत्रात लिहिलंय, घर स्वच्छ आहे. आणि तू अख्ख्या शाळेसमोर सांगितलंस की बापानं लाल रंग लावला. सार्जंटनं ते लिहून घेतलंय, वर पाठवलंय. आता मी स्वच्छ आहे म्हणून सही केली तर खोटा मी ठरतो."

"तुम्हीच वाचायला सांगितलं, पाक लुराह."

"मी सांगितलं. वाचलं तू." त्यानं कपाळ पुसलं. त्या माणसाला घाम फुटला होता, ते मी बघितलं. "मलाही वर उत्तर द्यायचंय."

पंधरा तारीख गेली. महिनाअखेर तात्पुरती नोकरीही गेली. अशा घरातल्या बाईकडे लहान पोरं कशी सोपवायची, म्हणाले. एप्रिलात मुर्तिनी तांगेरांगला बुटांच्या कारखान्यात गेली. तळवे चिकटवायचं काम. वर्षभरानं सरकार पडलं, फलक बदलले, तोवर तिच्या जागेवर दुसरी शिक्षिका कायम झाली होती. मुर्तिनी परत आली ती फक्त बापाला पुरायला.

एक सांगायचं राहिलं. ती पत्र आणायला गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

शुक्रवारी मी भिंतीशी गेलो. बंदी होती, तरी गेलो. आता आणखी काय घेणार होते? कासमुननं बारा पावलं खरवडली होती. चुना खालपर्यंत काढला होता, पण लाल विटांच्या सांध्यांत उतरला होता, तो निघत नव्हता. मी दुसरी पट्टी घेतली आणि शेजारी लागलो. बराच वेळ आम्ही काम केलं.

"कितव्या पावलाला संपला?" त्यानं विचारलं.

"काय?"

"सरस."

"पंचेचाळिसाव्या."

"डब्यात वास फिका होता. सरसाचा वास असतो, तीन दिवस जात नाही." पट्टी चालूच होती. "मला वाटलं, नीट धुतलास."

म्हणजे त्या संध्याकाळी त्याला शंका आली होती, आणि त्यानं माझ्या शब्दावर मान डोलावली होती.

"कांग, पाऊस येत होता. पूल लांब होता. मी—"

"पुलावर कशाला यायचं? घरी दुसरं भांडं तयार होतं. मुर्तिनीनं सकाळीच गाळून ठेवलं होतं. सायकलवर पाव तास." त्यानं पट्टीवरची लाल भुकटी बोटानं पुसली. "सरस संपला तर थांबायचं, म्हणून सांगितलं होतं मी. तू म्हणून दाखवलंस."

"दाखवलं."

तो परत पट्टी चालवू लागला. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. थोड्या वेळानं त्यानं माझ्या हाताकडे बघितलं.

"मनगटानं घासू नकोस," तो म्हणाला. "खांद्यानं घास. अजून तीन पावलं राहिलीत."